नाडीची गाठ

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या समस्त पुरुषवर्गास गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, तुमच्या जांघेतल्या गुपितांचं जेवढं ज्ञान माझ्या थोरल्या साडूंना होतं, तेवढं ब्रह्मदेवालाही नसेल. साडू चौक गावात सर्जन होते. दवाखाना हमरस्त्याला लागून. ट्रकांच्या घरघरीवर आवाज चढवायची त्यांना सवय लागली, ती लग्नाच्या पंगतीतही सुटली नाही. जांघेत फुगवटा घेऊन कुणी आला की साडू गर्जत, "खोका!" अंतर्गळ, म्हणजे हर्निया, असेल तर खोकल्यासरशी फुगवटा वाढतो. पेशंट लाजून नुसता खाकरला, तर साडू स्वतः खोकून दाखवत. मग बाहेर बाकावरची मंडळीही आज्ञाधारकपणे खोकत आणि रस्त्यावरच्याला वाटे, गावात साथ आली. त्यानंतर टॉर्च. आत पाणी असेल तर उजेड आरपार जाई, आणि साडूंना आकाशकंदील पेटल्याचा आनंद होई.

एकदा शेजारच्या गॅरेजातला मिस्त्री जांघेत गाठ घेऊन आला. लग्नाला वर्ष झालेलं, मूल नाही, आणि मुंबईच्या कुणा डॉक्टरने गाठीबरोबर तिकडचं अंडही काढायला सांगितलेलं. मिस्त्री खोकला, गाठ ढिम्म. टॉर्च लावला, अंधार. साडूंनी बराच वेळ चाचपलं आणि पुस्तकी शब्द टाळून सोप्या मराठीत जाहीर केलं, "मिस्त्री, तुझ्या नाडीला गाठ आहे!"

"ती मीच मारलीय, डाक्टर. निरगाठ बसली, म्हून तर लेंगा तसाच खाली वढला."

साडू हसले नाहीत. अंड ज्या दोरीला लोंबतं, तिच्यावर ही गाठ आहे, असं त्यांनी समजावलं. "बहुतेक चरबीची. क्वचित होते. पण उघडल्याशिवाय कळायचं नाही. सुटी निघाली तर गाठच तेवढी काढीन. अडकलेली निघाली तर मुंबईवाला म्हणतो तेच. अरे, एकावरही पोरं होतात."

"दोन हायत तर दोन ऱ्हाऊ द्या की."

जांघेत छेद घेतला आणि फणसाच्या गऱ्यासारखी पिवळी गाठ अलगद सुटून आली. ती तपासायला मुंबईला गेली. रिपोर्ट येईपर्यंत साडू स्कूटरचा नसलेला बिघाड घेऊन रोज गॅरेजात जात. मिस्त्री टाके सांभाळत बाकावर बसलेला असे. साडू त्याच्याकडे चोरून बघत आणि परत येत.

शेवटी रिपोर्ट आला. साडू कागद फडकवत गॅरेजात शिरले. "साधी चरबीची! कॅन्सर नाही—" एवढं वाचलं आणि त्यांचा आवाज बसला. एका जुन्या टायरवर टेकून ते डोळे पुसायला लागले. सगळं गॅरेज हातातलं काम टाकून बघत राहिलं. आणि मिस्त्री भर गॅरेजात बोलून गेला, "आवो डाक्टर, गाठ माजी व्हती का तुमची?"