प्रायमरवरचा हात

त्याला सगळे हातनको म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. पण पाठीमागचं नाव कधी ना कधी कानावर येतंच. गाड्यांना रंग मारायचं त्याचं छोटंसं गॅरेज होतं, आणि आत पाऊल टाकणाऱ्याच्या कानावर पहिल्यांदा पडायचं ते एकच: "हात नको!" गाडीचा मालक असो, विम्याचा साहेब असो, नाहीतर चहा घेऊन आलेला शेजारचा वेल्डर असो, कुणाचीही गय नाही.

आता यात त्याचं चुकत होतं असंही नाही. माणसाच्या हाताला तेल असतं. धुतलेल्या हातालाही असतं. रंगाच्या आधी पत्र्यावर करडा प्रायमर मारतात, त्यावर नुसती बोटं टेकली तरी तो ते तेल पिऊन बसतो. मग वरून कितीही भारी रंग मारा, काही महिन्यांनी नेमका तिथूनच फुगतो आणि खपली धरतो. रंग मारण्याआधी सगळी गाडी थिनरच्या फडक्याने पुसायची, लगेच कोरड्या फडक्याने पुसायची आणि मग माणसांना लांब ठेवायचं, हा त्याचा शिरस्ता. तीस वर्षांत त्याच्या हातचा रंग सुटून एकही गाडी परत आली नव्हती.

गिऱ्हाइकांना तो आणखी एक गोष्ट बजावायचा. "प्रायमरवर गाडी ठेवू नका बरं का. प्रायमर पाणी पितो. वरून कोरडा दिसेल, आतून पत्रा सडेल." आणि हे सांगताना त्याच्या पाठीमागे उभी असायची त्याची स्वतःची जुनी पिकअप. अख्खी करडी. अकरा वर्षं प्रायमरवर!

लोक कसले सोडतात? "लोका सांगे ब्रह्मज्ञान!" वेल्डर म्हणायचा. "अरे, हिला रंग कधी मारणार? माझी दाढी पांढरी झाली, तुझी गाडी मात्र आहे तशीच."

"बघू," हातनको म्हणायचा आणि पॉलिश पेपर उचलून कामाला लागायचा.

गोष्ट अशी होती की ती पिकअप त्याने भंगारातून आणली, तेव्हा बायको होती. दोघांनी मिळून तिच्या हौद्यातला गंज खरवडला होता. त्याने पुट्टी भरली, घासली, प्रायमर मारला. रंग कुठला, ते बायको ठरवणार होती. तिला एक दिवस निळा आवडायचा, दुसऱ्या दिवशी विटकरी. तो म्हणायचा, "अगं, एकदाचं ठरव." ती म्हणायची, "घाई कसली? जन्मभर बघायचाय मला तो."

मग एका सकाळी ती बाहेर निघाली होती. चपलेचा पट्टा निसटला म्हणून तिने तोल सावरायला डावा हात गाडीच्या दारावर टेकला. चांगला पाचही बोटं पसरून. आणि हा आतून ओरडला, "हात नको! किती वेळा सांगायचं? डोकं आहे का ठिकाणावर?" गॅरेजात दोन गिऱ्हाइकं उभी होती. तिने चपलेचा पट्टा बसवला, हात पदराला पुसला आणि म्हणाली, "तुमच्या गाडीला माझा हात चालत नाही, तर रंगही तुमचा तुम्हीच ठरवा."

रागात माणूस असं बोलतो आणि संध्याकाळी विसरतो. तीही विसरली असेल. पण पुढच्याच महिन्यात तिला बरं वाटेनासं झालं, आणि पाचव्या महिन्यात ती गेली. रंगाचं बोलणं तिथेच राहिलं.

त्यानंतर कधीतरी दुपारच्या उन्हात त्याला दारावर तो पंजा दिसला. करड्यावर जरा गडद, तेलकट. पाच बोटं, करंगळी थोडी वाकडी. तो पाहतच उभा राहिला. पुसायला फडकं हातात होतं, ते त्याने खिशात घातलं.

तेव्हापासून गाडीला रंग नाही. रंग मारायचा तर आधी दार घासायला हवं, थिनरने पुसायला हवं, म्हणजे पंजा गेला. इतकं सरळ होतं ते. पण सांगणार कुणाला? सकाळी गॅरेज उघडलं की तो आधी दारापाशी जायचा, बघायचा आणि मग कामाला लागायचा. बायकोची आठवण फोटो पाहून येत नव्हती इतकी त्या डागाकडे पाहून यायची. फोटोत ती हसत होती. दारावर ती होती तशी होती, चपलेशी झटापट करणारी, घाईतली.

लेक तेव्हा दहा वर्षांची होती. आता एकविसाची झाली होती आणि तिने भाड्याच्या जागेत रोपवाटिका काढली होती. कुंड्या, खताची पोती आणि रोपांचे ट्रे पोचवायला तिला गाडी हवी होती. एके दिवशी ती पिकअपच्या खाली डोकावली आणि दाराखालच्या पत्र्यात तिने बोट खुपसलं. बोट आरपार गेलं.

"बाबा, ही पुढचा पावसाळा बघणार नाही."

"बघेल."

"तुम्हीच सांगता ना लोकांना, प्रायमर पाणी पितो म्हणून? आता मारा काहीतरी. भारी रंग नको. काळा मॅट मारा, स्वस्त पडतो."

"काळा मॅट हा आळशाचा रंग आहे," हातनको फणकारला. "चकाकी नाही म्हणून पोचे दिसत नाहीत. सगळं झाकायची सोय!"

"मग बरंच की. पोचे आहेतच आपल्याकडे."

रात्रंदिवस कष्ट करणारी पोर, काही मागत नव्हती, आणि आज मागत होती ती ही गाडी. नाही म्हणालो तर गाडी सडणार, पंजाही सडणार. हो म्हणालो तर पंजा आज जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी तो म्हणाला, "रविवारी करू."

वेल्डरने सडलेला पत्रा कापून नवा जोडला. हातनकोने गाडी पुढून मागून घासली. लेक फडकं घेऊन आली, "ते दार मी घेऊ?"

"हात नको!" तो इतक्या जोरात म्हणाला की ती दोन पावलं मागे सरली.

तिला त्याने कुंड्या मोजायला पिटाळलं आणि दारापाशी आला. कडा घासल्या, खालची पट्टी घासली. थिनरचं फडकं फिरवत फिरवत तो पंजाच्या मनगटापर्यंत आला आणि थांबला. तीस वर्षांच्या कामात जे कधी केलं नाही, ते त्याने त्या दिवशी केलं. तेवढी जागा तशीच सोडली आणि तिच्यावरूनच काळा रंग मारला. एक हात, मग दुसरा. पंजा दिसेनासा होताना त्याने तोंडावरचा मास्क काढला नाही, ते बरं झालं.

पण खरं सांगू? त्याच्या पोटात एक वेगळीच आशा होती. तेल प्यालेल्या जागेवर रंग टिकत नाही. म्हणजे काही महिन्यांनी तो तिथूनच सुटणार. तेवढाच. पाच बोटं, वाकडी करंगळी. काळ्यातून तिचा हात वर येणार. शहाण्यासुरत्या माणसाने असा विचार करावा का? पण त्याने केला, आणि त्यावर तो जगू लागला.

लेक गाडी घेऊन जायची, संध्याकाळी आणून लावायची. काळी मॅट गाडी दिसायला बरी दिसत होती, वेल्डरसुद्धा म्हणाला, "बाईच्या अंगावर कपडा आला एकदाचा." हातनको मात्र रोज दारापाशी जाऊन वाकून बघायचा. वाट बघणं किती वाईट असतं, ते त्याला त्या महिन्यांत कळलं. बायको आजारी असतानाही त्याने इतकी वाट पाहिली नव्हती, कारण तेव्हा ती बरी होणार असं तो धरूनच चालला होता.

आठव्या महिन्यात रंगाला फुगा आला. त्याने नखाने हळूच फुगा उचलला. खपली निघाली. तो कडेकडेने खरवडत गेला.

खाली पंजा नव्हता. नुसता एक वेडावाकडा चट्टा होता, कुठलाही डाग असावा तसा. रंगातल्या थिनरने आतलं तेलही पसरवून टाकलं होतं. बोटं नाहीत, करंगळी नाही. तो तिथेच जमिनीवर बसला.

लेक आली तेव्हा तो तसाच बसलेला होता. तिने दार पाहिलं. "बाबा, तुमच्या हातचा रंग सुटला?"

"स्वस्तातला डबा. दुसरं काय होणार?"

"बाकीच्या गाडीलाही तोच डबा होता." ती त्याच्या शेजारी बसली. "तुम्ही इथे पुसलंच नव्हतं ना?"

त्याने हातातली खपली खाली ठेवली. मग म्हणाला, "तुझ्या आईचा हात होता तिथे. मी ओरडलो होतो तिच्यावर."

"माहीत आहे."

"तुला काय माहीत?"

"मी शाळेत जाताना रोज त्यावर हात ठेवून जायचे, पुढे रोपवाटिकेत जातानाही. तुम्ही आत असलात की."

"हात नको म्हणून सांगितलं होतं ना!"

"म्हणून तर तुम्ही आत असताना. आधी माझी बोटं तिच्या बोटांच्या आत राहायची. नववीत गेले तेव्हा बरोबर बसली. करंगळी तेवढी वाकवून ठेवायला लागायची."

हातनको तिच्याकडे बघत राहिला. एकदा टेकलेल्या हाताचा डाग उन्हापावसात अकरा वर्षं राहतो होय? दुसऱ्या कुणाची गाडी असती तर त्याने चुटकीसरशी सांगितलं असतं की राहत नाही, महिन्याभरात उडतो. इतकं काम कळणारा माणूस, आणि हे त्याच्या कधी डोक्यातच आलं नाही. रोज सकाळी तो जे बघत होता, त्यात रोज थोडा थोडा लेकीचा हात होता. आणि ती पोर आईला भेटायला त्याला चोरून जात होती.

"मला सांगायचंस की गं," तो म्हणाला आणि रडला. तीही रडली.

मग तो उठला, कारण दाराचा पत्रा उघडा ठेवून चालणार नव्हतं. चट्टा घासला, पुसला, कोरडा केला. प्रायमरचा हात मारला. वाळेपर्यंत दोघांनी चहा घेतला. लेक दारापासून लांब, सवयीने हात मागे बांधून उभी होती.

"लाव हात," तो म्हणाला.

"रंग सुटेल, बाबा."

"सुटला की परत मारू. लाव."

तिने पाचही बोटं पसरून हात टेकला. जरा वेळाने काढायला गेली, तर म्हणाला, "राहू दे अजून थोडा."