सगळ्यात मागचा

शिंपी म्हणून त्याला गावात जितके लोक ओळखत, तितकेच शेपूट म्हणून ओळखत, आणि त्याला स्वतःला दुसरं नाव जास्त आवडायचं. शिवणकाम काय, बापाकडून आयतं आलं होतं. शेपूट व्हायला मात्र त्याने घाम गाळला होता.

चाळिशीत त्याला साखर निघाली. डॉक्टर म्हणाले, चालत जा, जमलं तर पळा. दिवसभर मशीनवर पायच हलवतो आपण, पळायला कितीसं लागतंय, असं म्हणत हा गडी एका रविवारी गावातल्या पळणाऱ्यांच्या टोळक्यात सामील झाला आणि पाण्याच्या टाकीमागच्या पहिल्याच चढावर गवतात आडवा पडला. सरड्याची धाव कुंपणापर्यंत, असं बायको म्हणाली. ते त्याला लागलं. पुढच्या रविवारी तो पुन्हा गेला, आणि मग जातच राहिला. वेग कधी आला नाही. सगळे उतरून, हातपाय धुऊन गप्पा मारायला लागले की हा डुलत डुलत यायचा.

टोळकं वीसबावीस जणांचं होतं. म्होरके शाळेतले गणिताचे सर. दर पंधरा दिवसांनी सर डोंगरातून नवी वाट आखायचे आणि शनिवारी त्या वाटेवर झुडपांना कापडाच्या पट्ट्या बांधल्या जायच्या. पट्ट्या बघत पळायचं. मागे कुणीतरी त्या सोडवत यायला हव्यात, नाहीतर पुढच्या खेपेला जुन्या आणि नव्या वाटांची सरमिसळ व्हायची. सर एकदा म्हणाले, "तुम्ही नाहीतरी मागेच असता. मागचंच काम घ्या की."

असा तो शेपूट झाला. अस्तराच्या उरलेल्या लाल कापडाच्या वीतभर पट्ट्या त्याने कापल्या, धागे सुटू नयेत म्हणून कडा नागमोडी केल्या, धुऊन, घडी घालून पिशवीत ठेवल्या. गिऱ्हाइकाच्या सदऱ्याचं बटण एकवेळ राहील, पट्टी कधी राहायची नाही. अकरा वर्षांत एकही पट्टी डोंगरात राहिली नाही आणि एकही माणूस राहिला नाही, हे तो दुकानात मापं घेता घेता कुणालाही ऐकवायचा. ऐकणाऱ्याच्या मानेभोवती टेप असायची, त्यामुळे तो पळून जाऊ शकायचा नाही.

पळायला सुरुवात करण्याआधी सर वर्गात पाढे म्हणावेत तसे दोन नियम म्हणून घ्यायचे. शेपटाच्या मागे कुणी नाही, हा पहिला. पट्टी दिसेनाशी झाली तर शोधत फिरायचं नाही, आहात तिथे बसायचं, शेपूट येईल, हा दुसरा. त्या डोंगराच्या पलीकडच्या उतारावर जुन्या खाणीचे खड्डे होते, कमरेइतक्या गवताने झाकलेले. धुक्यात तिथे शहाणपणा करणाऱ्याचं हाडूक सापडलं नसतं, म्हणून हा नियम.

शेपटाच्या लगेच पुढे नेहमी बेकरीवाला असायचा. अंगाने गोल, पहाटेपासून भट्टीसमोर उभा राहिलेला, तरी तोंडाची टकळी चालूच. खिशात बिस्किटं ठेवायचा, शिंप्याला दाखवून खायचा आणि म्हणायचा, "शेपूटराव, तुम्हाला नाही हं, तुमच्यात मुळातच गोडवा फार." उतरल्यावर मैदानात यायचा नाही, मागच्या गल्लीतून थेट बेकरीत. सरांच्या यादीवर येऊन खूण करा म्हणून सरांनी त्याला वर्षभर रागावून पाहिलं आणि मग नाद सोडला. शेपूट आलं की बेकरीवाला आलाच, असं धरून सर स्वतःच त्याच्या नावापुढे खूण करायचे.

त्या रविवारी धुकं होतं आणि वारं बोचत होतं. आदल्या दिवशी वाऱ्याने पट्ट्या उडतील म्हणून शिंप्याने दुहेरी गाठी मारल्या होत्या, आणि आता गारठलेल्या बोटांनी त्या सुटता सुटेनात. बेकरीवाला दोनदा थांबला, मग होतो पुढे म्हणाला आणि धुक्यात दिसेनासा झाला.

वाट नवी असली तरी आधी खिंडीतच चढायची. तिथून उघड्या माथ्याभोवती दीड कोसाचा वळसा, वळसा संपला की पुन्हा त्याच खिंडीत, आणि मग पलीकडच्या बाजूने खाली. वळशावर जाताना प्रत्येकाने खिंडीतल्या सपाट दगडावर एक खडा ठेवायचा आणि परत आल्यावर तो उचलून फेकायचा, अशी पद्धत होती. म्हणजे वळशावर कोण आहे ते समजायचं. पण दगड मोकळा दिसला तरी शेपटाने वळसा पुरा घालायचाच, हेही ठरलेलं होतं.

शिंपी पोचला तेव्हा दगड मोकळा होता. बेकरीवाल्याने खडा ठेवलाच नाही, की कुणी एकाऐवजी दोन फेकले, ते आता कुणालाच सांगता येणार नाही. शिंप्याचा गुडघा ठणकत होता. अकरा वाजता एक गिऱ्हाईक कोट घ्यायला येणार होतं आणि कोटाला अजून काजं व्हायची होती. त्याने दोन हाका मारल्या. वाऱ्याने त्या कुठल्या कुठे नेल्या. अकरा वर्षांत त्या वळशावर कुणी मागे राहिलं नव्हतं. वळशाच्या पट्ट्या उद्या येऊन सोडवू, असं मनाशी म्हणत तो पलीकडचा उतार उतरू लागला, आणि उतरता उतरता तिथल्या पट्ट्या मात्र एकूण एक सोडवून पिशवीत टाकत गेला. माणूस कामचुकारपणा करतो तोही आपल्या सवयीनेच करतो.

मैदानात सरांनी विचारलं, मागे कुणी? तो म्हणाला, कुणी नाही. सरांनी बेकरीवाल्याच्या नावापुढे खूण केली आणि यादी मिटली.

दुपारी चारला बेकरीवाल्याची बायको सरांकडे आली. नवरा ना बेकरीत आला होता, ना घरी. वर डोंगरात फोन लागत नाही हे तिला माहीत होतं, म्हणून इतका वेळ ती थांबली होती. अर्ध्या तासात सगळं टोळकं मैदानात जमलं, दोर आले, बॅटऱ्या आल्या. शिंपी काजं अर्धवट टाकून आला. सरांनी सगळ्यांदेखत त्याला विचारलं, "वळसा पुरा घातला होतात ना?"

आता इथे थांबून सांगायला हवं, कारण सगळं या एका ठिकाणी आहे. तो वाईट माणूस नव्हता. नाही असं सांगायला त्याने तोंड उघडलंही होतं. पण बेकरीवाल्याची बायको त्याच्याकडे बघत होती, औषधांच्या दुकानातली बाई बघत होती, पोस्टमन बघत होता, आणि अकरा वर्षांचा तोरा आडवा आला. उचलली जीभ लावली टाळ्याला. तो म्हणाला, "हो. पुरा घातला."

सरांनी गणित मांडलं. वळशावर नाही म्हणजे बेकरीवाला खिंड ओलांडून खाली आला होता, म्हणजे तो खाणीच्या खड्ड्यांत तरी असणार नाहीतर ओढ्यात. गणित चोख होतं. वीस माणसं खड्ड्यांत उतरली. एकेक खड्डा, एकेक कपार, हाका, बॅटऱ्या. शिंपीही उतरला, हात सोलवटून घेतले, सगळ्यांत जास्त हाका त्यानेच मारल्या. अधूनमधून तो वर बघायचा. खिंड धुक्यात होती. सांगून टाकावं, आता सांगावं, या खड्ड्यानंतर सांगावं, असं करता करता उजेड गेला. एकदा त्याने धीर करून सरांना म्हटलंही, वरसुद्धा एकदा बघायला हवं. सर दमले होते. म्हणाले, "वर तुम्ही स्वतः होतात ना?"

तो पुढच्या खड्ड्यात उतरला. एक खोटं झाकायला दुसरं लागतं असं म्हणतात. त्याला दुसरं सांगावंही लागलं नाही, पहिलंच पुरून उरलं. अंधार पडला, सकाळी पुन्हा यायचं ठरलं आणि लोक पांगले. घरी तो ताटावरून उठला. बायकोने विचारलं तर गुडघा म्हणाला.

फटफटायला लागलं तसा तो एकटाच निघाला. चढावर एकदाही थांबला नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तो इतका वेगात पळाला असेल.

बेकरीवाला खिंडीतच होता. सपाट दगडाच्या आडोशाला, पाठ टेकून, वळशाच्या वाटेकडे तोंड करून बसला होता. डाव्या पायातला बूट काढून शेजारी ठेवला होता, घोटा सुजून वांग्याएवढा झाला होता. वळशावर पाय मुरगळला असणार, तसाच लंगडत खिंडीत आला असणार आणि पुढे बघतो तर उताराला एकही पट्टी नाही. त्या पायाने आणि त्या धुक्यात, पट्ट्यांशिवाय, खड्ड्यांतून उतरायचं कुणाची छाती झाली असती? आणि उतरायचं कशाला? वळशाच्या पट्ट्या त्याने आत्ताच तर बघितल्या होत्या, जागच्या जागी. म्हणजे शेपूट अजून मागे आहे. म्हणून नियमाप्रमाणे तो बसला.

शिंप्याने त्याच्या गालाला हात लावून पाहिला, गाल दगडासारखा गार होता. शिंपी तिथेच बसला. रडला. पण त्यानंतर त्याने जे केलं ते सांगायलाही जीभ रेटत नाही. तो उठला, वळशाच्या वाटेला लागला, सगळा वळसा पुरा घातला आणि तिथल्या अठरा पट्ट्या एकेक करून सोडवून पिशवीत घातल्या. बेकरीवाल्यासमोरून गेला आणि बेकरीवाल्यासमोरून परत आला. मग खाली जाऊन लोकांना बोलावलं.

लोकांनी त्याचीच पाठ थोपटली. रात्री भरकटत पुन्हा वर चढला असणार बिचारा, पण शेवटी शेपटानेच शोधला, असं बोलणं झालं. सरांना मात्र ते पटत नव्हतं, तसल्या पायाने माणूस चढेल कसा, असं ते एकदोनदा म्हणाले आणि मग स्वतःलाच दोष देत बसले, की यादीवर खूण मी केली. रविवारचं पळणं बंद पडलं. डॉक्टरांनी सांगितलं, थंडीने गेला, पहाटेच्या सुमारास. ते ऐकलं तेव्हा शिंप्याच्या हातात कात्री होती. ती त्याने खाली ठेवली आणि त्या दिवशी पुन्हा उचलली नाही. खड्ड्यांशी वीस माणसं हाका मारत होती तेव्हा वर तो जिवंत होता. कदाचित त्याला हाका ऐकूही येत असतील. आलो, आलो, म्हणत असेल.

तीन आठवड्यांनी बेकरीवाल्याची बायको दुकानात आली. नवऱ्याचा जाड कोट तिने आणला होता, थोरल्या मुलीच्या मापाचा करून हवा होता. मुलीचं माप ती कागदावर घेऊन आली होती. शिंप्याने कोट मेजावर पसरला, खांद्याला टाचण्या लावल्या, खडूने रेघा मारल्या. ती बाकावर बसून बघत होती. बेकरी तिने पुन्हा सुरू केली होती, हाताला भाजल्याचे डाग होते. कोट कधी मिळेल वगैरे बोलणं झाल्यावरही ती उठली नाही.

"भाऊजी, एक विचारू? सगळ्यांत आधी तुम्ही पोचलात. घाबरलेले दिसत होते का हे?"

नाही म्हणून मोकळं होता आलं असतं. ते खरंही होतं आणि तिला बरंही वाटलं असतं.

"नाही वहिनी," तो म्हणाला. "घाबरला नव्हता. बसला होता. माझी वाट बघत."

मग तिने विचारलं, "तुमची? मग तुम्ही होतात कुठे?"

"पुढे." त्याने खडू खाली ठेवला. "दगडावर खडा दिसला नाही म्हणून वळसा घातलाच नाही मी. तो मागे राहिला. मग सरांनी विचारलं, तेव्हा खोटं बोललो."

"कधी विचारलं सरांनी?"

"तुमच्यासमोर. मैदानात. चार-साडेचारला."

तिने बोटांवर तास मोजले नाहीत की काही नाही.

"तेव्हा हे होते," ती म्हणाली.

"हो वहिनी."

ती उठली. मेजावरचा कोट तिने ओढून घेतला. तो म्हणाला, टाचण्या आहेत, लागतील. तिने ऐकलं नाही. कोट तसाच छातीशी धरून ती दुकानाच्या पायऱ्या उतरली.