कशावरून मामा

आमच्या कॉलेजच्या मॅटाडोरचे ड्रायव्हर मामा कुणालाही पहिल्यांदा भेटले की नमस्कार करायचे नाहीत, "कशावरून?" म्हणायचे. खरंच! नगरच्या पॉलिटेक्निकमधला माझा पहिला दिवस. मी म्हटलं, "मामा, मी इथली नवीन विद्यार्थिनी." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "कशावरून?" मी घाबरून प्रवेशाचा कागद काढला. त्यांनी तो उजेडात धरून पाहिला, उलटा करून पाहिला, आणि मगच गाडीचं दार उघडलं. म्हणून ते कशावरून मामा. खरं नाव तीन वर्षांत आम्ही कुणी विचारलंच नाही.

चहा हुंगल्याशिवाय प्यायचे नाहीत. स्टँडवरच्या घड्याळाकडे असं बघायचे, जसं काही ते मुद्दाम खोटं बोलतंय. आणि मैलाचा दगड? "ह्यो दगड कुनी बसवला? ठेकेदारानं. मंग?" बस, त्या 'मंग?'वर विषय संपला!

तर तिसऱ्या वर्षी मी प्रोजेक्टला काय घेतलं सांगू? आपोआप चालणारी गाडी! बुटाच्या खोक्याएवढी. वर्कशॉपच्या दारातून निघायचं, लांबलचक व्हरांडा पार करायचा आणि बरोब्बर लायब्ररीच्या बोळात वळायचं, कुणीही हात न लावता. नाही वळली तर मी नापास, आणि नापास झाले तर घरी बसायचं, हे बाबांनी आधीच सांगून टाकलं होतं. मामांनी गाडी उचलली, हलवली, खालून डोकावून पाहिली. "आत कुनी बसवलंय का?"

मी व्हरांड्याचा फूट न् फूट मोजून चिपमध्ये भरत होते. निम्म्यातच मेमरी भरली! मी रडकुंडीला आलेली, आणि मामा शांतपणे म्हणतात, "आख्खा रस्ता कशाला डोक्यात कोंबते? कुठं वळायचं तेवढं ठिव. आमी पाथर्डीहून घोडेगावच्या बाजारला जनावरं न्यायचो, तवा कुठं नकाशा हुता?"

मग खुणा शोधणं सुरू. मी सुचवायची, मामा उडवायचे.

"कुंड्या?"

"शिपाई उचलतो."

"सायकली?"

"पोरं घरी जात न्हाईत का?"

"नोटीस बोर्ड!"

"खिळ्यावर लटकतोय त्यो."

शेवटी मी खांब म्हटलं. मामा उठले, खांबाला दोन थापा मारल्या, खांद्यानं ढकलून पाहिला. खांबाला हो! "ह्यो ऱ्हाईल."

एकदा मी वैतागून विचारलंच, "एवढा संशय कशाला हो मामा?" व्हरांड्याच्या कडेला, दोन खांबांच्या मधे, रोजच्या जागी ते चहा घेऊन उकिडवे बसले होते.

"बहीन ऊसतोडीला गेल्ती. टोळी मीच ट्रकनं सोडून आल्तो, नेवाशाकडं. खूण ठिवली, उंच ऊस संपतो तिथं डावीकडं. महिन्यानं बाप गेला. तिला आनायला गेलो, तर ऊसच न्हाई! त्यांनीच तोडला की. सगळीकडं निस्तं रान. दुपारपत्तुर फिरलो. तिला घिऊन घरी आलो तवा माती उरकली हुती." चहा थंड झाला होता, तरी एक घोट घेतला. "बापाचं तोंड दिसलं न्हाई तिला. मला कायबी बोलली न्हाई. बोलली असती तर बरं हुतं."

पुन्हा कधी मी त्यांना ते विचारलं नाही.

गाडीला रस्ता शिकवायचा म्हणजे आधी हातानं ढकलत वळणापर्यंत न्यायची. खांबांच्या बाजूला काही आडवं आलं की तिच्या कुशीला बसवलेला डोळा, म्हणजे सेन्सर, एक मोजायचा. तीन वेळा नेली, तिन्ही वेळा नऊ. नऊ झाले की वळ, एवढंच चिपमध्ये भरलं. सोडली, आणि वळली! रोज वळायला लागली! मी उड्या मारल्या. मामा बसल्या जागेवरून म्हणाले, "उद्या वळंल कशावरून?"

परीक्षेचा दिवस. बाहेरचे परीक्षक येणार म्हणून सरांनी व्हरांडा मोकळा करून घेतला. भिंतीकडच्या कुंड्या, सायकली, सगळं हलवलं. मामांनाही "मॅटाडोरपाशी जाऊन बसा" म्हणाले. मी बिनधास्त! खांब कोण हलवणार? बटण दाबलं. गाडी निघाली, बोळ आला, आणि गाडी सरळ पुढे! पुढच्या खांबापाशी वळली आणि धाडकन भिंतीवर.

परीक्षकांनी पेनाचं टोपण काढलं. आवाज ऐकून मामा पळत आले.

"खांब किती हायेत?"

"नऊ!"

"कशावरून?"

"गाडीनं मोजलेत!"

"तू मोजलेस का?"

मी बोट लावून मोजले. बोळापर्यंत आठ. पुन्हा मोजले. आठच! मग नववा कोण? मी मामांकडे पाहिलं. मामांनी पाचव्या आणि सहाव्या खांबाच्या मधल्या त्या जागेकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच "कशावरून" म्हणाले नाहीत.

मी ओरडलेच, "मामा, बसा तिथं! आत्ता वळेल!" परीक्षकही हसून "चालेल" म्हणाले. पण मामा हलेनात.

"न्हाई. माझ्यावरनं वळवू नको, पोरी. मी उद्या हितं असंन कशावरून? आठ कर."

मी नवाचे आठ केले. मामा मुद्दाम व्हरांड्याबाहेर, उन्हात जाऊन उभे राहिले, पाठ करून. गाडी निघाली. बोळ आला. वळली!

निकालानंतर दाखला घ्यायला गेले, तर मॅटाडोरवर नवा ड्रायव्हर. मामा रिटायर होऊन बहिणीच्या गावी गेले म्हणे. कुठलं गाव? ऑफिसात म्हणाले, "तिकडंच, पाथर्डीच्या पुढं कुठंतरी." नाव सांगून विचारायचं, तर नाव कुठं माहीत होतं मला!

मग मी उगाच व्हरांड्यातून चालत गेले, खांब मोजत. पाचव्याच्या पुढे पाय आपोआप थांबला. गाडी आता आठच मोजते. माझे अजून नऊच भरतात.