बोईसरच्या मंगलाचं विमान

बोईसरच्या एमआयडीसीत शैलेशच्या वर्कशॉपात मंगला वीसेक वर्षं इंजिनांचे व्हॉल्व्ह घासते. पण मेलं नशीब बघा! हिनं घासायचं, खोक्यात भरायचं, टेम्पोत चढवायचं. पुढं ते कुठं धडधडतं ते हिच्या कानांनी कधी ऐकलं नाही.

मग हवाई दलातून निवृत्त झालेले इंद्रजीतसाहेब लष्कराच्या जुन्या शिकाऊ विमानाचं इंजिन घेऊन आले. गोल गरगरीत, चहूबाजूंनी सिलिंडर! बाई प्रेमातच पडली म्हणा ना.

"उलटं झालं तरी चालंल?" तिनं विचारलं.

"चाललं तर पहिली गिरकी तुम्हाला," साहेब बोलून गेले आणि फसले. तेव्हापासून तिला दुसरं काही सुचेना.

"अगं, तुला पालघरच्या रिक्षात मळमळतं!" नवरा म्हणाला.

"रिक्षा मी नाय बनवली," ती फणकारली.

इंजिन दुरुस्त होऊन विमानात बसलं. पण तारापूरच्या अणुकेंद्राच्या डोक्यावर गिरक्या कोण घेऊ देणार? अख्खं वर्कशॉप टेम्पोत बसून धुळ्याकडच्या धावपट्टीवर गेलं. मंगला साडीवर बॉयलर सूट चढवणार, तोच लेथवरची ठकी आडवी आली. "सवाशीण एवढ्या लांब निघाली, न् ओटी रिकामी?" तांदूळ, सुपारी, हळकुंड, नारळ, सगळं पदरात! पदराची गाठ कमरेला, वरून सूट.

साहेबांनी फुगलेलं पोट बघून नारळ तेवढा काढून घेतला. "सुटं काही जवळ नको हं." मंगलानं मान डोलावली. ओटी काय सुटी असते? चांगली गाठ मारली होती!

विमान उडालं आणि बाई किंचाळलीच. "चालतंय गं बया, माझं चालतंय!" पुढच्या सीटवर साहेब हसत होते. त्यांनी विमान कलतं केलं, पार उलटं केलं, जमीन डोक्यावर आली, आणि गाठ सुटली. सुटाच्या गळ्यातून तांदूळ धो धो! नाकात, डोळ्यांत, साहेबांच्या मानेवर. सुपारी काचेवर टक टक वाजायला लागली.

"काय तुटलं?" साहेब ओरडले.

"तुटलं नाय ओ, ओटी सुटली!"

साहेबांनी झटकन विमान सरळ केलं आणि तडक उतरवलं. खाली आल्यावर काय तडकले! "सुपारी विमान वळवायच्या दांड्याखाली अडकली असती तर दोघंही गेलो असतो!" ठकी तर रडायलाच लागली.

विमानाच्या तळाच्या फळ्या उघडल्या. दोघी आत वाकून दाणा दाणा वेचत बसल्या. साहेबांनी स्वतः टॉर्च घेऊन कानाकोपरा बघितला. एक कणीसुद्धा सापडली नाही. फळ्या परत लावून पुढच्या सीटवरून खाली उतरतात तर मंगला पदर पिनांनी घट्ट टाचून मागच्या सीटवर पट्टा बांधून बसलेली.

"उतरा, मंगलाताई. झाली तुमची गिरकी."

"तांदळाच्या गडबडीत ऐकायचंच राहिलं, साहेब," मंगला म्हणाली. "उलटं झाल्यावर ते चालत होतं का, तेवढं ऐकू द्या."

साहेबांनी तिचा पट्टा ओढून बघितला. मग पुढं चढले आणि त्यांनी इंजिन चालू केलं.