खंडेनवमीला पुसलेला कोड

श्रीशैल मगदूमचं गॅरेज गडमुडशिंगीत, अगदी रस्त्याला लागून. हाताला गुण असा, की शहरात राजारामपुरीतली माणसंही जुनी गाडी घेऊन त्याच्याकडंच येतात. पण गेली तीन वर्षं त्याला एक खोड लागलीय. कुठलीही गाडी येवो, आधी तो चारी काचा खाली करणार, मगच बोलणार. "पावणं, काचा लावून बसू नगासा," म्हणून गिऱ्हाइकावर खेकसणार. त्याची बायको विद्याश्री म्हणते, "याड लागलंय ह्यास्नी." याड कसलं डोंबलाचं! भ्या होतं ते.

आणि भ्या कशाचं, तर एका कोडचं. गाडीला स्कॅनर लावला की पडद्यावर बिघाडाचा नंबर येतो. त्यातला हा पी-शून्य-चारशेवीस. सायलेन्सरच्या नळीत धूर स्वच्छ करणारा एक डबा असतो, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. तो नीट काम करत नाही, असं हा कोड सांगतो. पण कोड मोठा लबाड. कधी डबा ठणठणीत असतो आणि त्याच्या अलीकडं, इंजिनाच्या बाजूला, नळी फुटलेली असते, तरी नंबर हाच येतो. फुटक्या नळीतला धूर मग वाट फुटेल तिकडं जातो. हे श्रीशैलला तेव्हाही पक्कं ठाऊक होतं, तेच तर दुखणं.

तीन वर्षांमागची खंडेनवमी. पाने, पकडी, जॅक, सगळी हत्यारं धुऊन पोत्यावर मांडलेली, वर हळदकुंकू आणि झेंडू. त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही, हा बापजाद्यांचा नेम. आणि नेमके त्र्यंबक सर आले. शाळेत त्याला गणित शिकवलेले. इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला, आणि दसऱ्याला सांगलीला बहिणीकडं जेवायला जायचं होतं. स्कॅनर नवा होता, पूजेत मांडायचा राहिलेला. 'हे काय हत्यार न्हवं,' म्हणून त्यानं तेवढा लावला. चारशेवीस! गाडीखाली शिरायचं तर जॅक पाहिजे, आणि जॅकवर फुलं. त्यानं सरळ कोड पुसला. दिवा विझला. "खुशाल जावा, सर. दसरा झाला की बगतो," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून परतताना, हातकणंगल्याजवळ, लख्ख उन्हात सरांची गाडी रस्ता सोडून बाभळीवर गेली. काचा बंद, एसी चालू. सर जागच्या जागी गेले. "डुलकी लागली असंल," लोक म्हणाले. श्रीशैल मातीला गेला, सरांच्या पत्नी पद्मजाकाकूंसमोर उभा राहिला आणि मुकाट परत आला.

तेव्हापासून सर त्याला सोडत नव्हते. कुठल्याही गाडीला स्कॅनर लावला, की पडदा उजळायच्या आत शेजारच्या सीटवर कुणीतरी खोकायचं. श्रीशैल मान वळवायचा नाही. वळवायची छातीच होत नव्हती.

आणि परवा सकाळी तीच गाडी दारात आली. पद्मजाकाकू आणि त्यांची नात अवनी.

"दुरुस्त करून शेडमध्येच उभी होती रे," काकू म्हणाल्या. "अवनीला शिकायला म्हणून काढली. चारच दिवस झाले, तर पुन्हा तो दिवा."

"आणि चालवताना माझं डोकं जड होतं," अवनी म्हणाली. "काल तर मळमळलंसुद्धा."

"न खाता निघतेस म्हणून."

श्रीशैलनं चारी काचा खाली करून स्कॅनर लावला. स्कॅनरनं सांगायचं ते सांगितलं, चारशेवीस. त्यानं गाडी लोखंडी घोड्यांवर चढवली. अवनीनं बाहेर उभं राहूनच किल्ली फिरवली. त्यानं सायलेन्सरच्या तोंडावर ओलं फडकं दाबून धरलं आणि कान दिला. फुसफुस ऐकू आली, डब्याच्या अलीकडून. नळीला बोटभर चीर होती. आणि बरोबर तिच्या वर, ड्रायव्हरच्या पायाखालच्या पत्र्याला, रबरी बूच पडून गेलेलं भोक.

अपघातात फुटली असंल, मन म्हणालं. किती गोड वाटलं त्याला! मग त्यानं आतली चटई उचलली. भोकाभोवती काजळी, नखानं खरवडावी लागेल एवढी. चार दिवसांच्या फिरण्यात एवढी काजळी धरत नाही. सर असतानाच धरलेली होती ती.

शेजारी खोकल्याचा आवाज आला. या वेळी त्यानं मान वळवली. सीट रिकामी होती.

चीर जोडून, बूच बसवून गप्प राहता आलं असतं. कोण विचारणार होतं? पण पोरीचं डोकं जड झालं होतं, आणि त्याचं काळीज आता फाटायला आलं होतं. तो बाहेर आला, काकूंच्या खुर्चीपुढं खाली बसला आणि त्यानं सगळं सांगितलं. पूजेतला जॅक, पुसलेला कोड, सगळं.

"सरास्नी डुलकी न्हाय लागली, काकू. धुरानं गुंगी आली. मी मारलं त्यास्नी."

काकू थोबाडीत देतील, असं त्याला वाटलं. द्यावी, असंच वाटत होतं. पण त्या उठल्या, गाडीपाशी गेल्या आणि चटईखालचं ते काळं भोक वाकून बघू लागल्या.

"त्यांना सर्दी होती," त्या म्हणाल्या. "जेवणानंतरची गोळी मी त्यांच्याबरोबर दिली होती. झोप येते, नको, म्हणत होते. मी फोन करून हट्टानं घ्यायला लावली. रोज देवापुढं बसले की त्यांची माफी मागते रे मी. पोटच्या लेकाला हे सांगायची हिंमत झाली नाही."

"आजी!" अवनी एवढंच म्हणाली.

काकू श्रीशैलकडं वळल्या.

"कोड पुसलास, ती चूक मी पोटात घालीन, श्रीशैल. पण तीन वर्षं तू गप्प बसलास, ते कसं घालू?"