सुखदेवमामांनी अर्धवट सोडलेला फिल्टर

सुखदेवमामा गेले त्या सकाळी मी भिलाईच्या पावर हाउस भागात बसथांब्यावर पत्रकं वाटत होते. पत्रक पाण्याचंच होतं. रुआबांध्यातल्या आमच्या वस्तीकडे येणारी नळाची लाइन अर्ध्यावर थांबली आहे, तिच्याबद्दल मी चार परिच्छेद लिहिले होते आणि त्यातल्या दोन-तीन वाक्यांचा मला फार अभिमान होता. तेवढ्यात मामीचा फोन आला. "प्रज्ञा, तुहे मामा ट्रॅक्टरपाशी बसले ते उठूनच नाही राहिले..." मी दवाखान्यात पोचले तेव्हा हातात उरलेल्या पत्रकांचा गठ्ठा होता आणि सांगायला कुणाकडे काही उरलं नव्हतं. मामांच्या बोटांना डिझेलचा वास येत होता. त्याला आता सात आठवडे झाले. लोक भेटतात, म्हणतात, गरमीनं गेले, वय झालं होतं. मला हे ऐकवत नाही. त्या दिवशी सकाळी सात वाजता ट्रॅक्टरचे फिल्टर बदलायला मी त्यांच्यासोबत असणार होते. मीच तसं सांगितलं होतं. आणि मी गेले नाही. हे आधी लिहून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. वर्ध्याकडून तरुणपणी भिलाईला आले, प्लांटच्या गॅरेजात डिझेल मेकॅनिक झाले, सगळी नोकरी सेक्टर 10च्या क्वार्टरमध्ये काढली. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडून रुआबांध्यात दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची शेड बांधली. त्या शेडमध्ये वस्तीचा ट्रॅक्टर उभा असतो. वस्तीच्या समितीनं कुठून तरी मिळवलेला, माझ्याहून वयानं मोठा. तो पाण्याचा टँकर ओढतो. सकाळी एक फेरी, दुपारी एक. वस्तीला प्यायचं पाणी तेवढंच. खेमलाल तो चालवतो आणि मामा तो जिवंत ठेवायचे. एवढ्या वस्तीचं पाणी सत्तरी गाठलेल्या एका माणसाच्या हातांवर सोडून द्यायचं, याला मी माझ्या पत्रकात बेशरमी म्हटलं होतं. आजही म्हणते. मामांनी ते पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं होतं. म्हणाले, "‘कड़ी निंदा’ तीन खेपा लिवलं तू. टँकरचं नाव एकदाच."

"मामा, पत्रक असंच लिहितात."

"लिवू दे ना. निंदेनं डबा भरते का, तेवढं सांग." मी चिडले की ते हसायचे आणि माझ्या हातात चौदाचा पाना द्यायचे.

कॉलेज संपवून मी परत आले तेव्हापासून दोन वर्षं ते मला हे काम शिकवत होते. टाकीचा कॉक बंद करायचा, फिल्टरच्या वाट्या उतरवायच्या, जुना काळा पडलेला फिल्टर काढून नवा बसवायचा. इतकं कुणालाही जमतं. खरी कटकट त्यानंतरची. वाटी उघडली की डिझेलच्या लाइनीत हवा शिरते, आणि हवा असली की इंजिन एकदा-दोनदा खोकून मरतं. म्हणून वरचा छोटा स्क्रू सैल करायचा, पंपाचं हँडल हातानं दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड, स्वच्छ डिझेल. ते वाहत असतानाच स्क्रू कसायचा. मग पंपावरच्या स्क्रूपाशी पुन्हा तेच, मग नोजलच्या नटांपाशी. मी दर वेळी स्क्रू कसायची घाई करायची. मामा माझं मनगट धरायचे.

"कावून कसून राहिली? बुडबुडे हायेत ना अजून."

"कमी झाले, मामा."

"कमी झाले म्हंजे हायेत. हवा लय खोटी असते पोरी. गेली म्हणते अन् कोपऱ्यात बसून राहते."

आणि एक नियम तर ते देवघरासारखा पाळायचे... हे वाक्य त्यांना आवडलं नसतं, त्यांच्या घरात देवघर नव्हतं, बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो होता. नियम असा: वाटीच्या काठाला सील म्हणून रबराची गोल रिंग असते. जुनी रिंग उकरून काढायची आणि आपल्या करंगळीत अडकवायची. ती करंगळीत दिसल्याशिवाय नव्या रिंगेचं पाकीट फोडायचं नाही. कारण जुनं रबर तापून वरच्या खाचेला चिकटतं, काळ्यात काळं दिसत नाही, आणि माणूस त्याच्यावरच नवं चढवतो. "गॅरेजात नव्या पोट्ट्यायले मी याच्यावरूनच शिव्या देत होतो," असं ते सांगायचे.

त्या सकाळी त्यांनी माझी थोडी वाट पाहिली, असं मामी सांगते. मग एकटेच बसले. दोन्ही वाट्या वर चढवून झाल्या होत्या, हवा काढायची राहिली होती, तेव्हा ते भिंतीला टेकले.

पुढचे दिवस ट्रॅक्टर तसाच उभा राहिला. जलदान विधीला पाहुणे आले, त्यांच्यासाठीचं पाणी बायकांनी सायकलला कॅन बांधून दूरच्या बोअरिंगवरून आणलं. मामांच्या नावानं पाणी द्यायचं आणि घरात पाणी नाही. माझा संताप संताप झाला, पण तो करायचा कुणावर? पावर हाउसच्या मिस्त्रीनं आणखी पाच दिवसांनी येतो म्हणून सांगितलं. वस्तीत एका लहान मुलीला उलट्या सुरू झाल्या, कुणी म्हणालं गढूळ पाण्यानं. विधीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाना घेऊन शेडमध्ये गेले. स्क्रूचे आटे गेले तर? पंप बिघडला तर? मामांच्या हातचं शेवटचं काम माझ्या हातून नासलं तर?

मी हँडल दाबायला लागले. फेस आला. बुडबुडे आले. येतच राहिले. अर्धा तास झाला, तळहाताला फोड आला, बुडबुडे तेवढेच. शेडबाहेर डबे घेऊन बायका जमल्या. शेजारच्या शांताबाई म्हणाल्या, "पोरी, तुहं पत्रक वाचून दाखव त्याले. आयकून तरी सुरू होईल." दोघी-तिघी हसल्या. मी हसले नाही. खेमलालनं एकदा सेल्फ मारला, इंजिन खोकलं आणि गप्प झालं. "झन करव अब, दीदी," तो त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला, आता नको, "बैटरी बइठ जाही."

मग माझ्या लक्षात आलं की दुसऱ्या वाटीचा काठ ओला आहे. पुसला, पुन्हा ओला. मी कॉक बंद केला आणि वाटी उतरवली. नवी रिंग जागेवर होती. तिच्या वर, खाचेत, बोटाला आणखी काहीतरी लागलं. नखानं ओढलं तर जुनं रबर निघून आलं, सपाट झालेलं, चरे पडलेलं.

चाळीस वर्षांत या माणसानं ही चूक केली नव्हती. तो तिथे बसला होता, छातीत काहीतरी होत होतं, डोळ्यांपुढे अंधार येत असेल, आणि तरी तो नट कसत होता, कारण बायका डबे घेऊन येणार होत्या. मी बाजूला असते तर त्यांनी माझ्याकडे करंगळी करून दाखवली असती, आणि करंगळी रिकामी आहे हे मला दिसलं असतं. मी म्हटलं असतं, मामा, राहू द्या, तुमचं काहीतरी बिघडलंय... म्हटलं असतं का? की मला पत्रकांची घाई असती? गरमीनं गेले म्हणणाऱ्यांना मी अडवते, पण त्यांच्याइतकंच सोपं उत्तर मलाही हवं आहे, आणि ते मिळत नाही.

ती रिंग मी मामीला दाखवली नाही. आता ती हे वाचेल.

त्यानंतर फार काही झालं नाही. नवं रबर नीट बसवलं, पुन्हा पंप केला. बुडबुडे कमी झाले तेव्हा थांबले नाही, संपले तेव्हा स्क्रू कसला. तिसऱ्या सेल्फला इंजिन सुरू झालं. खेमलाल टँकर जोडून निघाला आणि शांताबाई माझ्या हातावरचं डिझेल आपल्या पदरानं पुसू लागल्या. मला वाटलं होतं की आता सुटल्यासारखं वाटेल. वाटलं नाही. वाटेत बंद पडला तर? भरल्या टँकरचं वजन घेऊन चढावर पुन्हा हवा ओढली तर? मी शेडमधल्या लोखंडी स्टुलावर बसून राहिले. मामी जेवायचं ताट घेऊन आली, माझ्याकडे पाहिलं आणि दारातच थांबली.

"थेही असेच बसत होते," ती म्हणाली. "फिल्टर ज्या दिवशी बदलला त्या दिवशी टँकर वापस येईपर्यंत घास नाही घेत होते. मी म्हणो, तुमी इथं बसून का गाडी चालते? तं म्हणत, तू ताट झाक."

हे मला दोन वर्षांत कधी कळलं नव्हतं. काम झालं की मी निघून जायची.

मामीनं ताटावर दुसरं ताट पालथं घातलं, स्टुलाशेजारी ठेवलं आणि स्वतः उंबऱ्यावर बसली. आम्ही दोघी रस्त्याकडे कान देऊन बसलो.