चुलीमागची पांढरी भिंत

माझी शाळा चौथीतच सुटली. पुढं लग्न होऊन मी जळगावकडून थेट वेल्ह्याच्या डोंगरात आले. जरा काही चुकलं की वाटायचं, आता माहेरी धाडतात. आणि माहेर तर कुठल्या कुठं!

त्या दिवशी नणंदेला बघायला वरवे गावची मंडळी यायची होती. चूल आणि बसायची जागा एकाच खोलीत, म्हणून आत्याबाईंनी, म्हणजे सासूबाईंनी, चुलीमागची भिंत आदल्या दिवशी चुन्यानं पांढरीशुभ्र केलेली. पाहुण्यांआधी घरच्यांचं उरकावं म्हणून मी रात्रीचं पिठलं गरम करायला ठेवलं. आईची सवय माझ्या हातात: भांड्यावर ताटली, ताटलीत पाणी, म्हणजे खाली लागत नाही. भाजीला ते चालतं. गारठून घट्ट झालेल्या पिठल्यानं मात्र खाली वाफ कोंडून धरली, आणि फट्! ताटली उडाली, पिठलं भिंतीवर.

मी ओलं फडकं घेऊन धावले. पुसावं तसे पिवळे डाग चुन्यावर लालभडक व्हायला लागले.

नणंद दारातून ओरडली, "आये, वयनीनं भिताडाला कुकू लावलं बग!"

मी आणखी जोरात पुसायला लागले. हिची सोयरीक माझ्यापायी मोडणार!

आत्याबाई आल्या. भिंत बघितली, मग मला. "रडू नगंस. हळदीला चुना लागल्यावर दुसरं काय व्हनार? फडकं टाक आदी."

त्यांनी करंड्यातलं कुंकू भिजवलं, डागांवर बोटं फिरवत मोठा कळस काढला. उरलेल्या शिंतोड्यांच्या वेली केल्या. मग पिठल्यात गरम पाणी घालून ढवळलं, जाळ बाहेर ओढून भांडं निखाऱ्यावर ठेवलं आणि वर पळसाची पत्रावळ पालथी घातली. "हिच्या फटीतनं वाफ जाती. शितोडं पानालाच बसत्यात."

पाहुणे आले. मुलाची आई पोरीकडं कमी आणि भिंतीकडंच जास्त बघत होती. "कळस लई झ्याक! कुनी काडला?"

मी चुलीकडं तोंड फिरवलं.

"सुनंनं सुरू केला, म्या पुरा केला," आत्याबाई म्हणाल्या.

नणंदेनं खाली मान घालून पदर तोंडात कोंबला. पाहुण्यांना वाटलं, पोरगी भारी लाजाळू आहे. तिथंच पसंती झाली.

मंडळी यष्टीला गेल्यावर आम्ही तिघी जेवायला बसलो. आत्याबाईंनी पत्रावळीला चिकटलेलं पिठलं बोटानं निपटलं आणि माझ्या भाकरीवर ठेवलं.

"खा," म्हणाल्या. "ह्येवढं तरी भिताडाला गेलं न्हाई."